स्कँडिनेव्हियन तपासमालिकांची ओढ नेमकी कशाची आहे?

निशिगंध (मूळ प्रश्न)

नमस्कार. ‘द किलिंग’ या नावाने जगभर गाजलेल्या मूळ डॅनिश मालिकेची तिन्ही पर्वे, डेन्मार्क आणि स्वीडन यांनी मिळून केलेली ‘द ब्रिज’ आणि आइसलंडची ‘ट्रॅप्ड’ या मालिका मी अलीकडे एकामागून एक पाहिल्या. पाहून झाल्यावर एक प्रश्न मनात घर करून राहिला आहे आणि त्याचे समाधानकारक उत्तर मला एकट्याने देता येत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

रहस्यकथा मला लहानपणापासून आवडतात. ज्या मालिकांवर आमची पिढी वाढली त्यांत खून होई, इन्स्पेक्टर येत, ठरलेल्या वेळात खुनी सापडे आणि पुढच्या आठवड्यात नवे प्रकरण सुरू होई. त्यातली मौज आजही मला कमी वाटत नाही. पण ‘द किलिंग’च्या पहिल्या पर्वात एकाच मुलीच्या खुनाचा तपास २० भाग चालतो, त्यातले अनेक धागे कुठेच पोहोचत नाहीत, आणि शेवटी खुनी सापडल्यावरही कोडे सुटल्याचा आनंद होत नाही. असे असूनही मला ती मालिका मध्येच सोडता आली नाही.

या मालिकांविषयी वाचायला जावे तर बर्फ, अंधार, करडे आकाश आणि नायिकेचा लोकरी स्वेटर यांचीच वर्णने सापडतात. ही कारणे मला पुरेशी वाटत नाहीत, कारण तेच आकाश आणि तीच संथ गती उसनी घेतलेल्या कितीतरी मालिका मला दोन भागांपुढे पाहवल्या नाहीत. दुसरी गोष्ट अशी की, डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे आणि आइसलंड हे देश जगातल्या सर्वांत सुरक्षित देशांमध्ये गणले जातात. तिथे खून विरळा होतात आणि लोकांचा सरकारवर मोठा विश्वास असतो. अशा समाजाला इतक्या काळोख्या कथा सांगाव्याशा का वाटतात, आणि त्या आपल्याला खऱ्या का वाटतात?

जाणकारांनी सविस्तर लिहावे. ज्यांनी या मालिका पाहिलेल्या नाहीत त्यांच्यासाठी कोणत्याही मालिकेतला खुनी कोण हे कृपया उघड करू नये.

---

मृण्मयी

निशिगंध, माझ्या मते या ओढीचे मूळ एका निर्णयात आहे. या मालिकांपैकी ज्या उत्तम आहेत त्या मृत्यूला त्याचा पूर्ण वेळ देतात.

‘द किलिंग’ २००७ साली डेन्मार्कच्या डीआर या सार्वजनिक वाहिनीवर आली. तिचा लेखक सोरेन स्वाइस्त्रुप याने रचनाच अशी केली की एक भाग म्हणजे तपासाचा एक दिवस. नोव्हेंबर महिन्यातले २० दिवस आपण तीन ठिकाणी आलटूनपालटून राहतो: पोलिसांच्या कचेरीत, कोपनहेगनच्या नगरभवनात आणि खून झालेल्या नान्ना बिर्क लार्सन या १९ वर्षांच्या मुलीच्या घरी. यातले तिसरे ठिकाण सर्वांत महत्त्वाचे आहे. नेहमीच्या तपासकथेत मृताचे आईवडील एका प्रसंगापुरते येतात, रडतात, पोलिसांना दोन उपयोगी गोष्टी सांगतात आणि कथेतून निघून जातात. इथे ते जात नाहीत. पहिल्याच भागात वडील, थाइस, पाण्यातून गाडी बाहेर काढली जात असते त्या जागी पोहोचतात, तेव्हा त्यांच्या हातातला फोन चालू असतो आणि पलीकडे आई, पर्निल, सगळे ऐकत असते. तिला कोणी काही सांगत नाही. नवऱ्याच्या आवाजावरूनच तिला कळते. त्या प्रसंगानंतर ‘खुनी कोण’ हा प्रश्न माझ्यापुरता दुसऱ्या क्रमांकावर गेला.

पुढचे १९ भाग या घराचे काय होते ते आपण पाहतो. सामान हलवण्याचा थाइसचा व्यवसाय त्याला चालवावाच लागतो. दोन लहान मुलांना बहिणीविषयी काय आणि कसे सांगायचे, हे आईबापांना कळत नाही. पोलीस प्रत्येक नवा संशयित पकडतात तेव्हा या घराला वाटते की आता तरी संपले, आणि ते पुन्हा पुन्हा कोसळते. शाळेतल्या एका स्थलांतरित शिक्षकावर संशय येतो, तेव्हा तो संशय त्याच्या संसाराला, त्याच्या नोकरीला आणि त्याचा आदर्श म्हणून गौरव करणाऱ्या ट्रोल्स हार्टमान या महापौरपदाच्या उमेदवाराला कसा चिकटत जातो, हे मालिका न चुकता दाखवते. संशय दूर झाला तरी माणूस पूर्वीच्या जागी परत येत नाही. नेहमीच्या रहस्यकथेत चुकीचा संशयित ही लेखकाची एक युक्ती असते आणि ती उलगडली की आपण त्या माणसाला विसरतो. इथे त्याला विसरण्याची मुभा मिळत नाही, आणि आपणही मागच्या भागात त्याच्यावर संशय घेतला होता याची टोचणी लागते.

तुम्ही म्हणता की अनेक धागे कुठेच पोहोचत नाहीत. कथेच्या दृष्टीने ते पोहोचत नसतील, पण प्रत्येक धागा कोणाच्या तरी आयुष्याची मोडतोड करून संपतो. म्हणूनच संथपणा कंटाळवाणा वाटत नाही. डेन्मार्कमध्ये तर हे पर्व दोन टप्प्यांत दाखवले गेले. पहिले दहा भाग वर्षाच्या सुरुवातीला आणि उरलेले दहा शरद ऋतूत. मधले कित्येक महिने प्रेक्षकांना त्या घराच्या दुःखासह थांबावे लागले.

सारा लुंड या पोलीस अधिकारी नायिकेविषयीही दोन शब्द लिहायला हवेत. तिचा फेरो बेटांवरचा स्वेटर प्रसिद्ध झाला, पण सोफी ग्रोबोल या अभिनेत्रीने जे केले ते फार अवघड आहे. लुंड आपली बाजू कुणाला समजावून सांगत नाही आणि प्रेक्षकाने आपल्यावर माया करावी अशी तिची अपेक्षा नाही. नोकरीचा शेवटचा दिवस आटोपून ती मुलाला घेऊन स्वीडनला जाणार असते. ते जाणे रोज एका दिवसाने पुढे ढकलले जाते आणि तिचा मुलगा तिच्यापासून दुरावत जातो. यावर कोणी भाषण करत नाही. ती खिडकीपाशी उभी राहून पाहत असते आणि तिला काय दिसले हे आपल्याला नंतर कळते. पडद्यावर एका स्त्रीला विचार करताना इतका वेळ दाखवलेले मी त्याआधी पाहिले नव्हते.

---

चौकस वाचक

मृण्मयी यांच्या म्हणण्याशी मी सहमत आहे. मूळ प्रश्नाचा दुसरा भाग, म्हणजे सुरक्षित समाजाला अशा कथा का सांगाव्याशा वाटतात, याविषयी मी लिहितो. त्यासाठी दूरचित्रवाणीच्या थोडे मागे जावे लागेल.

माय श्योवाल आणि पेर वाल्यो या स्वीडिश लेखक जोडीने १९६५ ते १९७५ या काळात मार्टिन बेक या पोलीस अधिकाऱ्यावर दहा कादंबऱ्या लिहिल्या. दोघेही डाव्या विचारांचे होते. दहाही पुस्तके मिळून एका गुन्ह्याची कहाणी आहे असे त्यांनी ठरवूनच लेखन सुरू केले होते, आणि तो गुन्हा म्हणजे कल्याणकारी राज्याने सामान्य कष्टकऱ्याची केलेली फसवणूक. पहिल्या पुस्तकात कालव्यात एका तरुणीचे प्रेत सापडते आणि ती कोण आहे हे कळायलाच पोलिसांना महिनोन्‌महिने लागतात. बेकला सर्दी असते, त्याचे पोट बिघडलेले असते, संसारात त्याचे मन रमत नाही आणि तपासाचा बराचसा काळ तो उत्तरांची वाट पाहण्यात घालवतो. तुम्ही पाहिलेल्या मालिकांतला थकलेला, चिकाटीचा पोलीस बऱ्याच अंशी या दहा पुस्तकांतून आलेला आहे.

मग २८ फेब्रुवारी १९८६ ची रात्र आली. स्वीडनचे पंतप्रधान उलोफ पाल्मे पत्नीसह चित्रपट पाहून पायी घरी निघाले होते. सोबत एकही अंगरक्षक नव्हता. स्टॉकहोमच्या स्वेआवेगन या मोठ्या रस्त्यावर त्यांना पाठीमागून गोळी घालण्यात आली. देशाचा पंतप्रधान रात्री असा निर्धास्त फिरू शकतो ही त्या समाजाची स्वतःविषयीची सर्वांत आवडती समजूत होती आणि ती त्या फुटपाथवर संपली. एका माणसाला शिक्षा झाली, पण अपिलात तो सुटला. अखेर २०२० साली सरकारी वकिलांनी एका मृत व्यक्तीवर संशय व्यक्त करून तपास बंद केला. ३४ वर्षे एक संपूर्ण देश एका न सुटलेल्या खुनासोबत जगला. उकल झाल्यावरही समाधान न देणाऱ्या कथा तिथल्या प्रेक्षकाला परक्या वाटत नाहीत, यामागे हा अनुभव नक्कीच आहे असे मला वाटते.

स्वीडिश लेखक हेनिंग मांकेल यांची कर्ट व्हॅलांडर या पोलीस अधिकाऱ्यावरची पहिली कादंबरी १९९१ ची आहे. एका आडबाजूच्या शेतघरात वृद्ध जोडप्यावर हल्ला होतो, मरणाऱ्या वृद्धेच्या तोंडून हल्लेखोर परदेशी असावेत असे सूचित होते, आणि ती बातमी फुटताच निर्वासितांच्या छावण्यांवर हल्ले सुरू होतात. हे सगळे घडते ते इस्ताद या दक्षिण स्वीडनमधल्या छोट्या, देखण्या, शांत बंदरगावाच्या परिसरात. या कथांवर स्वीडनने मालिका केल्या, पुढे बीबीसीने केनेथ ब्राना यांना घेऊन इंग्रजी मालिका केली आणि तिचे चित्रीकरणही इस्तादमध्येच केले. मांकेल यांच्या कथांतला खरा प्रश्न हल्लेखोरांच्या नावापाशी थांबत नाही. आपण स्वतःला सहिष्णु समजत होतो, मग या छावण्या कोणी पेटवल्या, असा तो प्रश्न आहे.

सरकारवरचा विश्वास आणि कथांमधला काळोख यांत मला विरोध दिसत नाही. राज्य आपली काळजी घेते असे जिथे लोक मनापासून मानतात, तिथे प्रत्येक खून हा राज्याला विचारलेला प्रश्न ठरतो. शाळेला काही कळले नव्हते का, समाजकल्याण खात्याने या मुलाला कोणाच्या घरी ठेवले होते, रुग्णालयाने याला बाहेर कसे सोडले? ‘ट्रॅप्ड’मध्येही हेच आहे. हिमवादळात अडकलेले गाव आणि बंदरात आलेली फेरी ही तिची आकर्षक बाजू झाली. आतली कथा मात्र २००८ साली आइसलंडच्या बँका बुडाल्यानंतर गावातले प्रतिष्ठित लोक जमीन आणि बंदर यांचे कोणते व्यवहार करायला तयार होतात याची आहे. तिथले गस्तीचे पोलीस एरवी शस्त्र बाळगत नाहीत, हे ध्यानात ठेवून ती मालिका पाहिली की गावाच्या पोलीसप्रमुखाचे, आंद्रीचे, एकटेपण अधिक जाणवते.

---

मालमोवासी

मी मूळचा डोंबिवलीचा असून अनेक वर्षे स्वीडनमधल्या मालमो शहरात राहतो आणि कामासाठी त्याच ओरेसुंड पुलावरून आगगाडीने कोपनहेगनला जातो, म्हणून ‘द ब्रिज’च्या परिसराविषयी थोडे लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे इथे बर्फ फारसा पडत नाही. मालमोचा हिवाळा म्हणजे वारा, बारीक पाऊस आणि ओलसर करडेपणा. डिसेंबरमध्ये दुपारी साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो हे खरे आहे, पण जूनमध्ये रात्री दहालाही लख्ख उजेड असतो आणि समुद्रकिनाऱ्यावर लोकांची गर्दी असते. मालिकेत त्या उजेडाला जागा नाही. निर्मात्यांनी तो जाणीवपूर्वक वगळला आहे. पडदे नसलेल्या मोठ्या खिडक्या, त्यांतून दिसणारे एकटे दिवे, निर्मनुष्य गोदी, रंग जवळजवळ काढून घेतलेली दृश्ये, हे सगळे रचलेले आहे. त्यामुळे केवळ हवामानाने मालिका उभी राहत नाही, हे तुमचे निरीक्षण योग्य आहे.

पूल मात्र जसा आहे तसाच दाखवला आहे. तो २००० साली वाहतुकीला खुला झाला. जवळजवळ आठ किलोमीटरचा पूल, मग समुद्रात भर घालून केलेले बेट आणि पुढे सुमारे चार किलोमीटरचा बोगदा, अशी त्याची रचना आहे. मालिकेच्या पहिल्या प्रसंगात पुलावरचे दिवे काही क्षण जातात आणि परत येतात तेव्हा दोन देशांच्या सीमारेषेवर बरोबर मधोमध एक प्रेत ठेवलेले असते. उचलायला जावे तर ते दोन वेगवेगळ्या स्त्रियांच्या देहांचे दोन अर्धे भाग निघतात. वरचा भाग स्वीडिश राजकारणी स्त्रीचा आणि खालचा कोपनहेगनमधल्या वेश्याव्यवसायातल्या एका स्त्रीचा. पहिलीच्या मृत्यूची दखल दोन्ही देश ताबडतोब घेतात. दुसरीच्या बेपत्ता होण्याकडे यंत्रणेने पूर्वी कितपत लक्ष दिले होते, हे हळूहळू उघड होते. २०११ च्या त्या पहिल्या पर्वाचा सगळा आशय मला या एका दृश्यात सापडतो.

तपास करणाऱ्या दोन पोलीस अधिकाऱ्यांपैकी सागा नोरेन स्वीडिश बोलते आणि मार्टिन डॅनिश बोलतो. दोघे एकमेकांना समजून घेतात, कधी अडखळतात. इथे रोजच्या कामातही असेच चालते. सागाला नियम मोडणे जमत नाही आणि समोरच्याचे मन राखण्यासाठी खोटे बोलणेही जमत नाही. तिच्या स्वभावाला मालिकेत कोणतेही वैद्यकीय नाव दिलेले नाही आणि ते मला योग्य वाटते, कारण त्यामुळे आपण तिच्याकडे रुग्ण म्हणून न पाहता सहकारी म्हणून पाहतो. मार्टिनने तिला सांभाळून घेणे, तिने मार्टिनला माणसांपेक्षा नियमांच्या बाजूने उभे राहून धक्का देणे, या मैत्रीसाठी मी ही मालिका पुन्हा पाहू शकतो.

एक गोष्ट मालिकेबाहेरची आहे, पण ती मला आवश्यक वाटते. जानेवारी २०१६ मध्ये, निर्वासितांची संख्या वाढल्यानंतर, स्वीडनने या मार्गावर ओळखपत्रांची तपासणी सुरू केली. ज्या पुलावर सीमा जाणवतच नव्हती तिथे आम्हाला विमानतळाच्या स्थानकात रांगेत उभे राहावे लागले. तिसरे पर्व त्याच्या काही आठवडे आधीच दाखवून झाले होते. दोन शेजारी देशांमधला विश्वास किती पातळ असू शकतो, हे त्या हिवाळ्यात इथल्या लोकांनी अनुभवले.

मुंबई परिसरातून आलेल्या माणसाला या मालिकांत आणखी एक गोष्ट जाणवते, ती म्हणजे माणसांची विरळता. आमच्या चाळीत कोणाच्या घरी रात्री उशिरा कोण आले हे सकाळपर्यंत मजल्याभर माहीत असे. इथे शेजाऱ्याला कितीतरी दिवस काही माहीत नसते, आणि पोलिसांना साक्षीदार शोधावा लागतो तो याच कारणाने.

---

दीपस्तंभ

वरचे तिन्ही प्रतिसाद मनापासून लिहिलेले आहेत. तरीही मला वेगळी बाजू मांडणे आवश्यक वाटते.

या मालिका मृत्यूला त्याचा वेळ देतात हे विधान ‘द किलिंग’च्या पहिल्या पर्वाबद्दल खरे आहे, पण या प्रकारातल्या बहुसंख्य मालिकांबद्दल ते खरे नाही. किती मालिकांची सुरुवात एखाद्या तरुण स्त्रीच्या विटंबना केलेल्या देहाने होते ते मोजून पाहावे. त्याच स्वाइस्त्रुप यांच्या कादंबरीवरची ‘द चेस्टनट मॅन’ ही २०२१ ची मालिका घ्या. मारल्या गेलेल्या स्त्रियांचे हात तोडलेले असतात आणि शेजारी चेस्टनटच्या फळांची बाहुली ठेवलेली असते. मालिका उत्तम बांधलेली आहे, मुलांच्या संगोपनाविषयीचा गंभीर प्रश्नही तिच्यात आहे, पण त्या देहांकडे कॅमेरा ज्या कुतूहलाने पाहतो त्याला मी आदर म्हणू शकत नाही. ‘द ब्रिज’मधली ती अर्धी अर्धी प्रेतेही खुन्याइतकीच निर्मात्यांनीही सजवून मांडलेली आहेत. पहिल्या पर्वातला खुनी बेघरांची आणि मनोरुग्णांची उपेक्षा, बालमजुरी असे समाजाचे खरे दोष जगासमोर मांडतो. समाजावरची सर्वांत नेमकी टीका खुन्याच्या तोंडी घातली की प्रेक्षकाला ती ऐकल्याचे समाधानही मिळते आणि ती नाकारण्याची सोयही मिळते.

शिवाय हा प्रकार आता एक तयार साचा झाला आहे. संसारात अपयशी ठरलेला पोलीस, धुके, वरून टिपलेला रिकामा रस्ता, आणि तळाशी एखादे जुने संस्थात्मक पाप. सीमेवरच्या प्रेताचा तोच प्रसंग २०१३ मध्ये अमेरिका आणि मेक्सिको यांच्यामधल्या पुलावर आणि त्याच वर्षी इंग्लंड आणि फ्रान्स यांना जोडणाऱ्या बोगद्यात पुन्हा घडवला गेला. ‘द किलिंग’ सिअ‍ॅटलला नेण्यात आली आणि २०२५ मध्ये कोंकणा सेन शर्मा यांना घेऊन तिची हिंदी आवृत्तीही निघाली. निशिगंध यांना ज्या मालिका दोन भागांपुढे पाहवल्या नाहीत, त्या याच साच्यातून निघाल्या असणार.

---

निशिगंध

सर्वांचे आभार. दीपस्तंभ, तुमचा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो, कारण ‘द ब्रिज’ पाहताना काही ठिकाणी मलाही अस्वस्थ वाटले होते आणि ती अस्वस्थता कथेची आहे की मांडणीची हे तेव्हा ठरवता आले नव्हते.

एक उपप्रश्न विचारतो. साचा सर्वांना उपलब्ध असताना ‘द किलिंग’सारखी मालिका डेन्मार्कसारख्या लहान देशाच्या सरकारी वाहिनीवरच का तयार झाली? ज्या भाषेचे बोलणारे साठ लाखांच्या आसपास आहेत, त्या भाषेत २० भागांची मालिका करण्याचे धाडस कोणी आणि कसे केले?

---

प्रक्षेपण

या उपप्रश्नाविषयी थोडे लिहितो, कारण माझे काम याच क्षेत्रातले आहे.

डीआर ही वाहिनी त्या काळी घरोघरी भरल्या जाणाऱ्या परवाना शुल्कावर चालत असे. तिने नव्वदच्या दशकात अमेरिकी मालिकांच्या लेखनपद्धतीचा अभ्यास केला आणि त्यातले आपल्याला हवे ते घेऊन नाट्यविभागासाठी काही तत्त्वे ठरवली. पहिले तत्त्व असे की मालिका ही मुख्य लेखकाची असते. दिग्दर्शक बदलले तरी लेखकाची दृष्टी बदलता कामा नये. दुसरे तत्त्व असे की प्रत्येक मालिकेत दोन मजले असावेत. वरवर पाहता गुंतवून ठेवणारी कथा आणि तिच्या आत समाजाविषयीचा एखादा नैतिक प्रश्न. आत असा प्रश्न नसेल तर लोकांच्या पैशातून ती मालिका करायचे कारण नाही, अशी ही भूमिका होती. नगरभवनातले राजकारण ‘द किलिंग’मध्ये तपासाइतकीच जागा व्यापते ते याच धोरणामुळे.

पैसा मोजका असल्याने एका वेळी थोड्याच मालिका हाती घेतल्या जात आणि संहितेवर दीर्घ काळ काम होई. रविवारी रात्री आठ वाजता कुटुंबातल्या सर्वांनी एकत्र बसून पाहण्याची वेळ ठरलेली होती. त्यामुळे मालिका ज्याला त्याला आवडेल अशी सौम्य करण्याऐवजी, दुसऱ्या दिवशी कामाच्या ठिकाणी चर्चा होईल अशी करण्याकडे कल राहिला. ‘द किलिंग’ हे या धोरणाचे पहिले यश नव्हते. २००० साली सुरू झालेल्या ‘युनिट वन’ या तपासमालिकेला २००२ चा आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला होता.

चित्रीकरण चालू असतानाही खुनी कोण हे स्वाइस्त्रुप यांनी बहुतेक कलावंतांना सांगितले नव्हते. त्यामुळे प्रत्येक नट आपले पात्र निर्दोष असल्यासारखेही वागवू शकत होता आणि काहीतरी लपवत असल्यासारखेही. या मालिकेत संशय कोणाच्याच चेहऱ्यावरून पूर्ण पुसला जात नाही याचे हे एक व्यावहारिक कारण आहे.

भाषेचा अडसर २०११ मध्ये दूर झाला. बीबीसी फोर या छोट्या वाहिनीने ही मालिका मूळ डॅनिश भाषेत, इंग्रजी सबटायटल्ससह, शनिवारी रात्री दोन दोन भाग सलग दाखवली आणि तिला अनपेक्षित प्रेक्षक मिळाला. माझ्या अनुभवाप्रमाणे सबटायटल्स वाचावी लागतात तेव्हा प्रेक्षक हातातला फोन बाजूला ठेवतो आणि चेहरे पाहू लागतो, आणि या मालिकांत बोलण्यापेक्षा चेहऱ्यांवर अधिक काही घडत असते. इंग्रजी आवाज चढवलेली आवृत्ती उपलब्ध असली तरी ती टाळावी असा माझा आग्रह आहे.

---

मृण्मयी

दीपस्तंभ यांच्या आक्षेपाला मला टाळायचे नाही. स्त्रियांच्या देहांविषयी त्यांनी जे लिहिले ते बरोबर आहे, आणि तो आक्षेप या मालिका करणाऱ्यांपैकी निदान एकाने तरी गंभीरपणे घेतला असावा असे मला ‘द इन्व्हेस्टिगेशन’ पाहून वाटते.

ही सहा भागांची मालिका टोबिआस लिंडहोम यांनी २०२० मध्ये केली. ती खऱ्या घटनेवर आधारित आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये किम वॉल ही ३० वर्षांची स्वीडिश पत्रकार मुलाखतीसाठी एका खाजगी पाणबुडीत गेली आणि परत आली नाही. त्या वेळी जगभरच्या वृत्तपत्रांनी खुनी माणसाविषयी पानेच्या पाने छापली. लिंडहोम यांच्या मालिकेत तो माणूस एकदाही दिसत नाही आणि त्याचे नावही उच्चारले जात नाही. खून दाखवलेला नाही. आपण पाहतो ते कोपनहेगनचे पोलीस अधिकारी येन्स म्योलर यांचे काम, गढूळ पाण्यात दिवसामागून दिवस उतरणारे पाणबुडे, समुद्राच्या प्रवाहांचा हिशेब मांडणारे तज्ज्ञ, पाण्याखालचा वास ओळखणारी कुत्री, आणि न्यायालयात टिकेल असा पुरावा मिळेपर्यंत एकही शब्द वाढवून न बोलणारे सरकारी वकील. किमच्या आईवडिलांच्या सहकार्याने ही मालिका तयार झाली, आणि पोलीस अधिकारी त्यांच्या घरी जातो ते प्रसंग तिचा गाभा आहेत. म्योलरची भूमिका सोरेन मालिंग यांनी केली आहे. ‘द किलिंग’मध्ये लुंडच्या जागी नेमलेला उतावळा मायर त्यांनीच साकारला होता. दोन्ही भूमिका जवळजवळ पाहाव्यात, म्हणजे एकच नट किती वेगळ्या प्रकारे गप्प राहू शकतो ते दिसते.

निशिगंध, तुमच्या मूळ प्रश्नासाठी मी हीच मालिका पुढे ठेवीन. खुनी कोण हे पहिल्या दिवसापासून सर्वांना माहीत आहे, बर्फ नाही, चमकदार उलगडा नाही, तरीही नजर हलत नाही. शोध लागावा अशी आपली इच्छा असते ती त्या आईवडिलांना मुलीचे अंत्यसंस्कार करता यावेत म्हणून. ही इच्छा ज्या मालिकेला जागवता येते ती मी शेवटपर्यंत पाहते. ‘द चेस्टनट मॅन’ मला तिसऱ्या भागानंतर पाहवली नाही, आणि दीपस्तंभ यांचा प्रतिसाद वाचल्यावर त्याचे कारण अधिक स्पष्ट झाले. त्यांनी ‘द इन्व्हेस्टिगेशन’ पाहिली नसेल तर अवश्य पाहावी आणि आपले मत इथे लिहावे, ही विनंती.